वेणूबाईचा डबा

काल सिक्युरिटी गार्डच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही सुपरवायझर कसे झालात?" खिडकीतून वाळत्या मिरचीचा ठसका आत येत होता. "प्रामाणिकपणामुळे," म्हणालो आणि खोकत बसलो. आज खरं लिहितो.

पंचवीस वर्षांपूर्वी नंदुरबारजवळ मिरची वाळवायच्या पथारीवर मी गेट सांभाळायचो. शेठ म्हणाले होते, "एक चोर पकडून दाखव, सुपरवायझर करतो." पण चोरी कोणी करतच नव्हतं. देठ खुडणारी वेणूबाई आपला डबा माझ्याजवळ, माझ्याच चौकीत ठेवायची. "तुन्हाजोडे शे ना भाऊ, मंग चिंता नहीं," म्हणायची. एका दुपारी त्या डब्यात मी मूठभर मिरच्या कोंबल्या आणि सुटीच्या वेळी सगळ्यांसमोर तो उघडला.

शेठ तिच्यावर ओरडले, "उद्यापासून येऊ नको!"

ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तू ते चौकीमाच व्हता. मन्हा डबाजोडे कोनी उनं व्हतं का?"

"दुसरं कोणीच आलं नाही," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं तेवढंच वाक्य खरं होतं.

तिची नजर माझ्या हातांवर गेली. गेटवरच्या माणसाची बोटं मिरचीने लाल व्हायचं काही कारण नव्हतं. ती डबा तिथेच ठेवून चालायला लागली.