नकाराचा मसुदा

वाऱ्यावरून साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला, की मी वर्गाच्या खिडक्या लावून घेते. यंदा चैत्र लागण्याआधीच शाळेची विहीर तळाला गेली. लिंबाच्या विरळ सावलीत मुली घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसतात, आणि पलीकडे संस्थेच्या अध्यक्षांचा ऊस मात्र हिरवागार डोलतो. टँकरवाल्याशी रोज भांडून पाणी उतरवून घेते ती मी. सेवाज्येष्ठतेतही पहिलं नाव माझंच, त्यामुळे मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर ती खुर्ची माझ्याकडे यायला हवी होती.

परवा अध्यक्षांनी आपल्या खोलीत बोलावून एक कागद पुढे सरकवला. आमच्या संस्थेची ही जुनी रीत: पुढचं नाव बाईचं असेल, तर आधी तिच्याकडून लेखी नकार घ्यायचा, म्हणजे तिच्यामागचा पुरुष बिनबोभाट खुर्चीत बसतो. "बाई, तुमी घरच्याच हाव. टँकरवाले, कारखान्याची माणसं, हे बायामाणसाला झेपत न्हाई. नुसती सही करा." त्यांच्या अत्तराचा दर्प मळीत मिसळला होता. टँकरवाले म्हणे! हसावं की ओकावं, कळेना.

कागदावर एकच वाक्य होतं: 'कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे मी हे पद स्वीकारण्यास असमर्थ आहे.' माझ्या घरात जबाबदारी म्हणावी असं कुणी उरलेलंही नाही. पण खरी शिसारी आली ती वेगळ्याच गोष्टीची, कारण ते वाक्य माझं होतं. बावीस वर्षांपूर्वी, मी नवखी असताना, "तुमचं अक्षर लई चांगलं हाय" म्हणत याच खोलीत अध्यक्षांनी माझ्याकडून तेव्हाच्या सर्वात ज्येष्ठ शिक्षिका सरोदेबाईंचा नकार लिहवून घेतला होता. 'असमर्थ' हा शब्द मीच सुचवला, वर शाबासकीने फुलूनही गेले. नंतर बाईंना बोलावलं. त्यांनी कागदावर नजर फिरवली आणि सही केली. त्यांच्यामागून आणखी दोघींनी तोच मसुदा नकलून दिला.

मी सही केली नाही. अध्यक्षांचा चेहरा उतरला, आता खुर्ची मिळते की छळ, ते दिसेलच. त्याची भीती आहे, नाही कशाला म्हणू? पण मनातून जात नाही ते वेगळंच. रोज फळ्यावर माझं अक्षर पाहणाऱ्या सरोदेबाईंनी त्या कागदावर ते ओळखलं नसेल, असं कसं होईल? आणि तरी निवृत्त होईपर्यंत, रोज मधल्या सुट्टीत, त्या आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यासाठी काढून ठेवत राहिल्या.