पिनेवरची कुंकवाची रेघ

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं, की करंड्यातलं कुंकू मी लावते त्या मानाने फारच लवकर संपतं. घरात आम्ही दोघंच, आणि त्यात कुंकू लावणारी मी एकटी. नवऱ्याला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, "दुकानात लागते."

दुकान बंदुका दुरुस्त करायचं होतं. नागपुरात, सदरमधल्या एका गल्लीत. खाली दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. दुपारची झाकपाक झाली की मी खाली येऊन काउंटरमागे पुस्तक वाचत बसायची. बंदूक घेऊन येणारं गिऱ्हाईक सहसा घाईत नसतं, त्यामुळे जाडजूड कादंबऱ्यांसाठी ती जागा फार सोयीची होती.

"तुम्ही कधीपासून इतके भाविक झाले?" मी विचारलं.

"पूजा नाही वं. ये इकडे, दाखवतो."

त्याने शिकंज्यात धरलेली एक दुनळी बंदूक मला दाखवली. हिच्या पोटात फिरणारे भाग थोडेच असतात, तो म्हणाला. काडतुसावर आपटतो तो घोडा. बंदूक उघडली की तो आपोआप ताणला जातो, आणि त्याला तसं ताणलेलं धरून ठेवते ती अडकण. आणि बोटाने ओढला की अडकण सोडवतो तो चाप. यातला प्रत्येक भाग एका आडव्या पिनेवर फिरतो, दार बिजागरीच्या खिळीवर फिरतं तसा. त्या पिनांची टोकं बंदुकीच्या अंगावर दोन्ही बाजूंना दिसतात, शर्टाच्या बटणांसारखी.

"आता सांग, पिनेचं काम काय?" तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेला माणूस होता. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत आपणच उत्तर द्यायचं, ही त्याची पद्धत. "जागेवर राहायचं. भाग फिरला पाहिजे, पिन नाही. पिन का एकदा भागासंगं फिरू लागली, तर ज्यात ती बसते ते भोक खाऊन टाकते. आज केसभर, उद्या दोन केस. मग ती ढिली होते आणि हळूहळू बाहेर चालू लागते. पिन सरकली का अडकण तिरपी होते. अडकण तिरपी झाली का घोडा कधी सुटन, ते कोणीच सांगू शकत नाही."

म्हणून पिनेच्या टोकाला एक बारीक खाच असते आणि शेजारी एक इवलासा स्क्रू. स्क्रूच्या डोक्याची कड त्या खाचेत बसते आणि पिनेला फिरू देत नाही. पिनेने काही करू नये म्हणून नेमलेला स्क्रू! तोवर मी पुष्कळ कादंबऱ्यांतले पुष्कळ नायक वाचले होते, पण एका जागी न हलता राहण्याचं इतकं मनापासून कौतुक करणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि नेमका मी त्याच्याशीच लग्न केलं होतं.

कुंकवाचं काम त्यानंतरचं. पिन बसवून झाली की स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत तो कुंकू कालवायचा आणि बारीक कुंचल्याने पिनेच्या टोकावरून थेट बंदुकीच्या अंगावर एक सरळ रेघ ओढायचा. अर्धी रेघ पिनेवर, अर्धी अंगावर. मग खोटी काडतुसं भरून चाप ओढ, उघड, बंद कर, परत ओढ. रेघ अखंड राहिली तर पिन जागेवर आहे. रेघ तुटली, दोन अर्ध्या एकमेकींपासून सरकल्या, तर पिन फिरली. हे तपासायला ना भिंग लागे ना माप. पुढेही वर्षानुवर्षं ती रेघ बंदुकीवर राहायची, म्हणजे बंदूक परत दुकानात आली की त्याला एका नजरेत कळायचं. ही युक्ती त्याची स्वतःची होती आणि तो ती कोणाला विसरू देत नसे. कोणाला म्हणजे मला. कारण गिऱ्हाइकांना तो काहीच सांगायचा नाही.

आमची गिऱ्हाइकं बहुतेक जुनी मालगुजार मंडळी, गावोगावचे जमीनदार. मालगुजारी सरकारने कधीच काढून घेतली होती, पण ती त्यांच्या चालण्यातून जायची राहिली होती. दुरुस्त झालेली बंदूक हातात आली की त्यांना लाल रेघ दिसायची आणि ते चप्पल काढून तिला नमस्कार करायचे. मिस्त्री बंदुकीची पूजा करून देतो, अशी आमची कीर्ती पार रामटेकच्या पलीकडे गेली होती.

"सांगून टाका ना त्यांना," मी एकदा म्हटलं.

"काहून? हात जोडून राहिले, तर जोडू दे."

मी पण मग फार धरून बसले नाही. चप्पल काढून स्क्रूसमोर उभा राहिलेला मालगुजार हे दृश्य मलाही आवडायचं.

सत्तरच्या दशकातल्या एका दसऱ्यानंतरची गोष्ट. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्यांची गर्दी ओसरून एसटीत पाय ठेवायला जागा झाली होती. त्या दुपारी दुकानासमोर एक जीप थांबली. रामटेककडचे एक मालगुजार उतरले आणि त्यांच्या मागे खोळीत गुंडाळलेली बंदूक छातीशी धरून एक म्हातारा. तो त्यांच्याकडे बंदूक सांभाळायला होता. तेलपाणी करायचं, घेऊन चालायचं, मालकांच्या हातात द्यायची. मालकांच्या वडिलांपासून हेच काम. मालगुजार दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले आणि त्यांनी मला पाणी मागितलं. म्हाताऱ्याने बंदूक टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

झालं होतं असं. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी मालगुजारांनी शिवेवर आभाळात एक बार काढायचा, हा त्यांच्या गावचा रिवाज. सगळं गाव ओसरीपुढे जमलेलं. म्हाताऱ्याने पूजा झालेली बंदूक भरली, बंद केली आणि मालकांना पागोटं नीट करायला वेळ मिळावा म्हणून तिचा लाकडी दस्ता फरशीवर टेकवला. त्यासरशी बार उडाला. छर्रे ओसरीच्या भिंतीवर गेले. तिथे वाघाचं मुंडकं टांगलेलं होतं, त्याचा एक कान उडाला. हा वाघ पहिल्यांदा कोणी मारला याविषयी गावात दोन मतं होती. दुसऱ्यांदा कोणी मारला याविषयी मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"चापावर बोट गेलं याचं," मालगुजार म्हणाले. "वय झालं. हात थरथरते. मी म्हटलं, बंदूक आता पुतण्याच्या हाती देऊन टाकू. तर हा म्हणते, चापाले हात लावला नाही."

"नाही लावला जी," म्हातारा म्हणाला. "माया लेकराची आण. बोट बाहेर होतं."

"गावासमोर मले तोंडावर पाडलं आणि वरून आण घेते! मिस्त्री, तुम्ही सांगा. बंदुकीत काही खोट आहे का? असन तर सांगा. नसन तर याचा हिशोब झाला."

आता त्या म्हाताऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाचं काय व्हायचं ते आमच्या टेबलावर ठरणार होतं. मी पुस्तकात खूण न घालताच ते मिटलं.

नवऱ्याने बंदूक उजेडात धरली. पिनांवरच्या लाल रेघा दोन्ही बाजूंनी दिसत होत्या. सरळ, अखंड, ठसठशीत. तो समाधानाने हसला. आपलं अक्षर ओळखीचं वाटावं तसं त्याला वाटलं असणार. त्याने खोटी काडतुसं भरली, बंदूक बंद केली, आणि जमिनीवर पोत्याची घडी टाकून तिच्यावर दस्ता आपटला. काही झालं नाही. परत आपटला. काही नाही.

"पिना जागेवर आहेत," तो म्हणाला. "माझी रेघ जशीच्या तशी आहे."

"ऐकलं?" मालगुजार खुर्चीतूनच वळले.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पण तो बोलला, आणि बोलला तो मालकाशी नाही, बंदुकीकडे पाहून. "मी हिची सेवा कमी केली नाही जी. तेल कधी चुकलं नाही. मिस्त्रीनं काढून देल्ली लाइन, तीही कधी तुटू देल्ली नाही."

नवऱ्याने मान वर केली. "तुटू दिली नाही म्हणजे?"

"दर दसऱ्याले पाहतो ना मी. तुटली दिसली का जोडून देतो. घरचंच कुंकू, थोडंसं तेलात कालवून. तुटक्या लाइनीची पूजा कशी करावं जी?"

नवऱ्याने फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि रेघ पुसली. कुंकू आलं. परत पुसली, परत आलं. घरातल्या देवाच्या शेंदरासारखी पुटावर पुटं चढली होती. सगळी निघाल्यावर खाली लाखेतली जुनी रेघ दिसली. अर्धी अंगावर, जिथे त्याने ओढली होती तिथेच. दुसरी अर्धी पिनेवर, आणि ती भलतीकडेच तोंड करून. शेजारच्या स्क्रूची कड झिजून गुळगुळीत झाली होती. बोटाच्या दाबानेही पिन हलत होती.

त्याने ती किंचित बाहेर येऊ दिली, बंदूक उघडून घोडे ताणले, ती बंद केली आणि दस्ता पोत्यावर टेकवला. आपटलाही नाही, नुसता टेकवला.

खट्ट.

म्हातारा भिंतीपासून पुढे आला आणि परत मागे गेला.

मालगुजारांना समजायला वेळ लागला नाही. मान राखायचा असेल तेव्हा माणसाचं डोकं झटकन चालतं. "म्हणजे खोट होती, आणि ती यानंच झाकून ठेवली! एक नाही, इतके दसरे! मग तर हा डबल दोषी झाला."

इथे माझ्या नवऱ्याला नुसती मान हलवायची होती. त्याचं नाव राहिलं असतं, युक्ती राहिली असती, गिऱ्हाईकही राहिलं असतं. आणि चूक कबूल करण्याची त्याला मुळीच सवय नव्हती. त्याने केलेल्या भाजीत मीठ जास्त झालं तर ते माझ्याच ताटात जास्त आलं असेल, असं म्हणणारा माणूस.

"रेघ कोणी ओढली?" त्याने विचारलं. या वेळी उत्तर द्यायची त्याने घाई केली नाही.

"तुम्ही," मालगुजार म्हणाले.

"कशासाठी ओढली, ते तुम्हांले ठाऊक होतं?"

"शकुनाची असते ती. मी स्वतः नमस्कार करतो दर वर्षी."

"शकुनाची नाही ती. तुटली का बंदूक माझ्याकडे आणायची, यासाठी होती. मी ते तुम्हांले सांगितलं नाही, याले सांगितलं नाही. तुम्ही हात जोडले, तेव्हा मी गंमत पाहत बसलो. तुम्ही नमस्कार केला, यानं जोडून दिली. तुमच्या दोघांत भक्ती याची जास्त, एवढंच. चूक माझी आहे."

मालगुजारांनी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला. "पण बार तर गावासमोर उडाला," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तिथे कोण सांगन?"

"मी येतो ना."

नवी पिन करायला त्याने घाई केली नाही. स्क्रूवर पुन्हा भिस्त ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं. पिनेच्या डोक्याला त्याने पोलादाचाच एक छोटा कान ठेवला आणि बंदुकीच्या अंगात त्या कानापुरती खाच कोरली. कान खाचेत बसला की पिन फिरेल कशी? काजळी लावून बसवून पाहायची, जिथे काळं लागेल तिथे कानशीने एक हात द्यायचा, परत बसवायची. मी पुस्तक पुढ्यात घेऊन हे पाहत राहिले. शेवटी कान खाचेत बसला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, आणि त्याच्या कडेला नखही शिरेना. वाघाचा गेलेला कान पिनेला आला, मी म्हटलं. तो हसला नाही. कामाच्या वेळी त्याला माझे विनोद कळत नसत, बाकीच्या वेळी आवडत नसत.

मग एका रविवारी आम्ही दुकान बंद ठेवून एसटीने त्या गावी गेलो. धान पिवळं पडत आलं होतं. एककानी वाघाखाली, भरलेल्या ओसरीत, माझ्या नवऱ्याने जुनी पिन तळहातावर ठेवून सगळ्या गावाला दाखवली आणि दुकानात बोलला होता तेच जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. स्वतःसाठी एक शब्द कमी केला नाही. मी त्याला पुष्कळदा फुशारकी मारताना ऐकलं होतं. त्या दिवशीही तो त्याच आवाजात, तेवढ्याच ठासून बोलत होता. फरक इतकाच, की विषय त्याची चूक हा होता. त्याचं बोलणं झाल्यावर मालगुजारांनी बंदूक उचलली आणि सगळ्यांच्या देखत म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्यासाठी मालगुजारांना पागोट्याची काही जरुरी पडली नाही, आणि माझ्या मते ते त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात रुबाबदार काम होतं.

त्या बंदुकीपासूनच नवऱ्याने कुंकू सोडलं. रेघेसाठी पांढरा रंग आणला, आणि बंदूक परत देताना प्रत्येकाला तो रेघेचा अर्थ सांगू लागला. फार लांबण लावून, अर्थात. काही लोकांनी तरीही चपला काढल्या.

पुढच्या दसऱ्यानंतर म्हातारा एकटाच आला, एसटीने, बंदूक खोळीत. दस्त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि आपट्याचं पान दोऱ्याने बांधलेलं. पिनांच्या जवळपास मात्र पांढरी रेघ आणि तेलाचा थेंब सोडून काही नव्हतं.

"काय झालं? बिघडली का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही जी. तुम्ही म्हटलं होतं ना, तुटली का घेऊन या." त्याने पांढऱ्या रेघेवर बोट न टेकवता ती दाखवली. "तुटली नाही. ते सांगायलेच आलो."

नवऱ्याने बंदूक उजेडात नेली, दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि मला म्हणाला, "चहा ठेव वं."

मी पुस्तक मिटलं आणि वर गेले.