न चाखता

आमच्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी स्वयंपाक चाखत नाही. चाखलं की उष्टं. आई मीठ हाताच्या अंदाजानं घालायची, मीही तशीच शिकले. अन् नाव घातलं कुठं, तर शहरातल्या छावणीजवळच्या कॉलेजात, हॉटेलच्या स्वयंपाकाच्या कोर्सला, जिथं पहिला धडाच चाखण्याचा!

नवऱ्यानं टाकल्यावर मी लहानग्या लेकीला घेऊन पाचोडला भावाकडं आले होते. वहिनी वाईट नव्हती, पण घर तिचं. फर्दापूरचा एक हॉटेलवाला म्हणाला होता, सर्टिफिकेट आणा, किचनात घेतो, मागं राहायला खोली देतो. खोली मिळाली की लेक माझ्यापाशी. मला दुसरं काही नकोच होतं. तिला भावाकडं ठेवून मी शहरात राहिले. सुट्टीच्या दिवशीही लग्नाच्या पंगतींसाठी भाज्या चिरायला जायची, त्यामुळं पाचोडला जाणं फारसं व्हायचं नाही.

आमचे सर मुसलमान, बोलायला गोड अन् कामाला लई कडक. चमचा पुढं करून म्हणायचे, "बाई, चखके देखो." मी म्हणायची, "सर, मीठ बरोबर हाय." मग ते स्वतः चाखायचे अन् पुढच्या शेगडीकडं वळायचे, कारण मीठ बरोबरच असायचं. मला त्याची घमेंड चढली होती.

"परीक्षेत हे चालणार नाय हां," ते बजावायचे.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. खोलीवर वरणाचा चमचा ओठांपर्यंत न्यायची अन् तसाच खाली ठेवायची. देव काय इथं बघायला येतोय का, म्हणून स्वतःवरच चिडायची. तरी तोंड उघडायचं नाही.

परीक्षेला बाहेरच्या मॅडम आल्या. सुपासाठी भाज्यांचं उकळलेलं पाणी सगळ्यांना एकाच पातेल्यातून दिलं. त्यात मीठ आधीच पडलेलं होतं. शेजारच्या पोरीनं चाखलं अन् मीठ घातलं नाही. मी माझ्या हाताच्या अंदाजानं घातलं.

मॅडमनी एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. "तुम्ही चाखलंत का?" मी नकाराची मान हलवली. त्यांनी दुसरा चमचा माझ्या हातात दिला. तेव्हा मी चाखलं. सूप कसलं, नुसतं मिठाचं पाणी. जन्मभराचा नेम मोडला तो मोडला, अन् वर नापास.

"मॅडम, पाया पडते, एकदा पुन्हा करू द्या," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला बसा.

बाहेर सर समजवायला आले. "थोड्या महिन्यांचीच तर गोष्ट हाय, बाई."

"सर, तुमची लेक रोज तुमच्या घरात निजते," मी म्हणाले.  फर्दापूरला फोन लावला, तर हॉटेलवाला म्हणाला, टुरिस्टांचा सीझन तोंडावर आलाय, मी दुसरं माणूस बघतो.

मग भावाच्या घरी फोन लावला. लेकीनं उचलला.

"बाळा, मी बोलतेय गं."

तिनं आत हाक मारली, "आई, आत्याचा फोन हाय!"

भावाची पोरं वहिनीला आई म्हणतात अन् मला आत्या. मी भिंतीला टेकले.

वहिनीनं फोन घेतला. "वन्सं, पोरांचं ऐकून म्हणती ती. मनाला लावून घेऊ नका. आता काय, तुम्ही नेणारच की तिला. झालात ना पास?"