उचलायचा नाही असा फोन

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. एका जागी बसणं मला जमत नाही. त्यामुळेच बहुधा इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या आमच्या ऑफिसात कुणालाच नको असलेली कामं माझ्या गळ्यात पडतात. मी हिशेब खात्यातली. पण आगीच्या तालमीत माणसांना जिन्यावरून खाली उतरवणारी मीच, आणि त्या दिवशी फोनची चाचणी घेणारीही मीच.

चाचणी साधी होती. कुठल्याही टेबलावरून कुणी ९९५, म्हणजे इथला अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर, फिरवला की खाली रिसेप्शनच्या पडद्यावर लाल चौकट यायला हवी. फोन कुणाचा, कितवा मजला, कुठलं टेबल. चाचणीपायी खरी अ‍ॅम्ब्युलन्स दारात येऊ नये म्हणून ९९५ तेवढ्यापुरता रिसेप्शनकडे वळवून ठेवायचा होता. मी सुरुवात माझ्याच फोनपासून केली आणि घाईघाईत माझ्या टेबलावरून जाणाऱ्या फोनबरोबर माझ्याकडे येणारेही वळवून ठेवले. हे अर्थात मला नंतर कळलं.

चौकटी येत होत्या, पण चुकीच्या. आमच्याकडे लोक जागा बदलताना फोन काखोटीला मारून नेतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे फोन वरच्या मजल्यावरून यायचा आणि पडदा खालच्या मजल्यावरचं एक रिकामं टेबल दाखवायचा. उद्या खरंच कुणाच्या छातीत दुखलं तर स्ट्रेचर घेऊन माणसं त्या रिकाम्या टेबलापाशी उभी राहतील. मी चिडून वरखाली करत होते. तेवढ्यात रिसेप्शनच्या बाईंनी मला अडवलं. मूळच्या इथल्याच, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, नाकावर चष्मा, बोलण्याच्या शेवटी इथला ठरलेला 'लाह'. आलेला प्रत्येक फोन "इमर्जन्सी टेस्ट, व्हिच फ्लोअर?" असं म्हणून उचलायचं काम मीच त्यांना दिलं होतं.

"समबडी कीप कॉलिंग," त्या म्हणाल्या. "बट नो टॉक, लाह."

ऑफिसातलाच कुणीतरी चावटपणा करतोय असं मी ठरवून टाकलं आणि पुढच्या मजल्यावर गेले.

आईचं आणि माझं एक ठरलेलं आहे. आमच्या मजल्यावर मोबाइल चालत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून दुपारी जेवण झालं की आई यिशुनच्या आमच्या फ्लॅटमधून माझ्या टेबलावरच्या फोनवर एक रिंग देते आणि ठेवते. मी उचलायचा नाही, उलट एक रिंग द्यायची. पुण्यात ती बाबांच्या कारखान्यात अशीच रिंग द्यायची. फोन उचलला की पैसे पडायचे त्या काळातली ही युक्ती. आता तसं काही राहिलेलं नाही हे मी तिला कितीदा सांगितलं. "असू दे," एवढंच म्हणते. बाबा गेले ते कामावरच. मी तेव्हा नागपूरला शिकत होते, घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुढे आई माझ्याकडे इथे आली आणि तिची रिंगही तिच्याबरोबर आली.

मी त्या रिंगेला मनात आईची हजेरी म्हणायचे. नवरा सदा दौऱ्यावर, ती दिवसभर एकटी, गुडघे कुरकुरणारे. बाथरूममध्ये पाय घसरला तर? हा विचार माझ्या डोक्यातून कधी जातच नाही. रिंग आली की मग मी डबा उघडते.

त्या दिवशी रिंग आलीच नाही.

डबा तसाच ठेवून मी खिडकीपर्यंत गेले, परत आले. रिसीव्हर उचलून पाहिला, व्यवस्थित ठेवला. जेवायला उशीर झाला असेल. डोळा लागला असेल. पण आईचा दुपारी डोळा लागत नाही, हे मला चांगलंच माहीत होतं. शेवटी लॉकरकडे गेले. मोबाइलवर आईचे कॉल एकाखाली एक, खालपर्यंत. एक रिंग देऊन ठेवणारी बाई इतके फोन का करेल?

मी उलट फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग शेजारच्या मलय बाईंना फोन करून आमच्या दाराशी जायला सांगितलं. त्या गेल्या, हाका मारल्या, आणि मला म्हणाल्या की दार बंद आहे, आतून कुणी ओ देत नाही, पण फोन आत वाजतोय.

फोन आत वाजतोय! हातात मोबाइल आहे हेही विसरून मी धावत टेबलाशी आले आणि ९९५ फिरवला.

"इमर्जन्सी टेस्ट, व्हिच फ्लोअर?"

मी वळवलेला नंबर मलाच आडवा आला होता. "नो टेस्ट!" मी ओरडले. अख्खा मजला माझ्याकडे बघायला लागला. "माय मदर! माय मदर!"

पलीकडून बाई म्हणाल्या, "युअर मदर? शी हिअर, लाह."

लिफ्टची वाट बघण्याइतका धीर मला नव्हता, जिन्यानेच उतरले. खाली आई रिसेप्शनच्या काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभी होती. घरातल्या गाऊनवर ओढणी, पायात रबरी स्लिपर. आजवर ती इथे फक्त एकदा आली होती, तेही माझा हात धरून. आज दोन गाड्या बदलून एकटी आली होती, मोबाइल घरी विसरून. समोरच्या पडद्यावर लाल चौकटीत माझं नाव होतं. मजला बरोबर, टेबलही बरोबर. आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण माझं नाव वाचता येतं.

तिने मला नखशिखांत पाहिलं. माझा दंड दाबून पाहिला, मी खरीच आहे ना याची खात्री करावी तसा.

"अगं, किती घाबरवलंस!" मी म्हणाले. "मला वाटलं तू पडलीस."

"मी कशाला पडतेय?" ती कडाडली. "उचलायचा नाही असं ठरलंय ना आपलं? मग उचलला कुणी? बाई काहीतरी इमर्जन्सी इमर्जन्सी म्हणते. पुन्हा केला, पुन्हा तीच." मग तिचा आवाज एकदम बसला. "तुझ्या बाबांच्या वेळीही असाच दुसऱ्याच कुणीतरी उचलला होता."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ती बोलली नव्हती आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ती रोजची रिंग आईची हजेरी नव्हती. ती माझी हजेरी घेत होती. मला रडू आवरेना.

बाईंनी काही न विचारता खुर्ची पुढे केली, पाण्याचा ग्लास आणला. आई बसली, पण पाणी प्यायली नाही.

"आधी तो फोन नीट कर," ती म्हणाली. "जा."

मी वर गेले. वळवलेलं सगळं काढून टाकलं आणि खुर्चीत बसले. टेबलावरचा फोन एकदा वाजला आणि थांबला. नंबर रिसेप्शनचा होता.

मी उलट एक रिंग दिली. बाईंनी या वेळी फोन उचलला नाही.