एका चेक आउटची गोष्ट

माझं अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत काही जमलं नाही. त्याबद्दल आधीच माफी. (हे कुणी वाचणार नाही, तरी मागितलेली बरी.)

आमच्याकडे पाहुणे येतात, पण जात नाहीत.

मालवणजवळ समुद्राला लागून आमचं घर. माझ्या लेकीने, शिल्पाने, आमची एकुलती एक जास्तीची खोली पर्यटकांना द्यायला काढली. पहिलंच जोडपं आलं सांगलीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच खोली दुसऱ्यांना द्यायची होती. त्यांनी पैसेही आगाऊ भरलेले!

“आये, धा वाजले की फक्त ‘सर, चेक आउट’ म्हण. म्हणजे खोली रिकामी करा.”

“घरात इल्ल्या माणसाक जा म्हणू?”

“जगभर म्हणतत गो!”

म्हणत असतील. आमच्याकडे तर निघणारा माणूससुद्धा ‘जातंय’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतो!

मासे साफ करता करता मी ते दोन शब्द घोकले. सकाळी दारात उभी राहिले. साहेबांनी वर बघितलं.

“घावणे घालू?” मी म्हणाले.

घावणे झाले. काळ्या वाटाण्यांचं सांबारंही झालं. पुन्हा धीर करून गेले, तर बाईसाहेब आपणहून बॅग भरत होत्या. देव पावला! आणि मी काय बोलले?

“असं कसं? जेवल्याशिवाय जायचं नाही!”

बॅग पुन्हा उघडली. शिल्पाने कपाळावर हात मारला. माझे सासरे, आबा, नारळ घेऊन उठले. “हिका जमना नाय, तर देवाकच सांगूया.”

खोलीसमोरच गाऱ्हाणं सुरू! “बा देवा म्हाराजा! ह्या पावण्यांका सुखरूप चेक आउट करूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही ओरडलो. शेजारीही धावत आले. (कशासाठी, ते विचारायची आमच्यात पद्धत नाही.) “व्हय म्हाराजा!”

साहेब मोबाइलवर शूटिंग करत बाहेर आले. डोळ्यांत पाणी. “आमच्यासाठी एवढं? आता आणखी एक दिवस राहणारच!”

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. नवे पाहुणे!

“आये, आता तरी तोंड उघड!” शिल्पा किंचाळली.

उघडलं. धावत फाटकाशी गेले, हात जोडले आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी खणखणीत बोलले, “सर, चेक आउट!”

त्यांचा एक पाय अजून गाडीतच होता. इतक्या झटपट कुठलाच पाहुणा गेला नसेल! शिल्पाने तिथेच, उभ्या उभ्या, त्यांचे सगळे पैसे परत केले.