बाहुल्यांचा सिनेमा का पडतो?

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. घरातल्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते आपोआप साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते. माझ्याकडे असे साठले ते डोंबिवलीतल्या आमच्या कंपूमुळे. पन्नास सालच्या आगेमागे आम्ही चौघं दर रविवारी दुपारी दामले मास्तरांच्या ओटीवर जमायचो आणि एकाच विषयावर भांडायचो: बाहुल्यांचा सिनेमा का पडतो?

दुसरे लोक नटनट्यांवर भांडत. आमच्या नशिबी बाहुल्या! मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. बंडोपंत पोस्टात होते, लेले कल्याणच्या कोर्टात वकिली करायचे. मी सरकारी कारकून. आठवडाभर साहेबाचं ऐकायचं आणि रविवारी या तिघांचं! माझं स्वतःचं मत काय, हे मला कोणी विचारलं नाही आणि खरं सांगतो, विचारलं असतं तरी सांगायचं त्राण नव्हतं.

*

पहिला किस्सा कल्याणच्या टॉकीजमधला. मुख्य पिक्चरच्या आधी परदेशातला एक छोटा बाहुलीपट दाखवणार होते, म्हणून आम्ही चौघं गेलेलो. पडद्यावर लाकडी सैनिक चालायला लागले आणि बंडोपंत ताडकन उभे राहिले.

"दोरा कुठंय?"

"अहो, बसा खाली!" मी कोट ओढला.

"बसतो, पण दोरा कुठंय? दोऱ्याशिवाय बाहुली हलेल कशी?"

मास्तरांनी सांगितलं, की यात दोरा नसतो. बाहुली केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर सरकवायची. बंडोपंतांना पटेना. मागून आवाज आला, "बस रं बाबा खाली, आमाला पन बगू दे!" तोपर्यंत बाहुलीपट संपला होता.

बाहेर आल्यावर बंडोपंतांनी निकाल दिला, "सपशेल पडणार! माणूस दोराच शोधत बसतो, गोष्ट बघायची राहून जाते." स्वतःवरून जग ओळखायची ही त्यांची नेहमीची पद्धत!

*

मग ठाण्याला एक पौराणिक बाहुलीपट आला. लेले वकील आदल्या रविवारीच म्हणाले, "हा तर पहिल्या आठवड्यात उतरणार. पडद्यावर देव आला की आपले लोक हात जोडतात. लाकडाच्या देवाला कोण जोडणार?"

"देवळात कशाचा असतो?" मास्तरांनी विचारलं.

"ते वेगळं! पुरावा मी थिएटरात दाखवतो."

पुरावा बघायला मला ठाण्यापर्यंत जावं लागलं, डोकं दुखत असताना. देव प्रकट झाला. मी मागे वळून थिएटरभर बघितलं. खरंच, कोणाचे हात हलले नव्हते. दोनचार जण तर उठून बाहेर चाललेले. मी वकिलांना शाबासकी द्यायला वळलो, तर त्यांचेच हात कपाळाशी!

"मी चष्मा सावरत होतो," वकील म्हणाले.

चष्मा खिशात होता.

*

या पडलेल्या सिनेमांचं सुतक आमच्यात एकट्या मास्तरांना लागायचं. कोणी बाहुलीपट अर्धवट सोडून उठलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. एका रविवारी ते म्हणाले, "मी स्वतः काढणार. छोटाच काढीन. पण लोकांनी तो शेवटपर्यंत बसून बघायला हवा. बस, एवढंच मागणं आहे."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. ठाण्याच्या एका फोटो स्टुडिओतून त्यांनी चावीचा कॅमेरा मागून आणला आणि आतल्या खोलीतल्या टेबलावर गाव मांडलं. गोष्ट अगदी साधी. नवरा वारलेली एक तरुण मुलगी सासरचा उंबरा ओलांडते आणि एकटी चालत माहेरी जाते.

"रडकी बाहुली?" वकील म्हणाले. "एखादा विदूषक तरी घाला!"

"दोरा घाला," बंडोपंत म्हणाले.

मास्तरांचं तिसरंच. "बाहुलीचं सगळं नाटक पायांत असतं. पाऊल खरं पडलं, की लोक बसून राहतात. मी तोंडाकडे बघतच नाही."

बाहुल्यांचे कपडे आक्का शिवायच्या. आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. विशीच्या आत नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. आमचा चहा त्या दाराच्या आतूनच पुढे सरकवायच्या. ओटीवर पाऊल टाकलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या बाहुलीचं पांढरं लुगडंही त्यांनीच शिवलं. माप न घेता.

*

त्यानंतर मास्तरांच्या घराची जी दशा झाली ती विचारू नका. आतल्या खोलीत केरसुणी बंद, पंखा बंद, शिंकायला अंगणात जायचं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, त्या कार्टीला एकदाची माहेरी पोचवा हो! मला माझ्या माहेरी जाता येत नाहीये तिच्यापायी."

पहिला तुकडा धुऊन आला, तेव्हा मास्तरांनी ओटीच्या भिंतीवर तो आम्हाला दाखवला. बाहुली उंबऱ्यापाशी येते, थांबते आणि तिचं सर्वांग थरथरतं. वकिलांच्या डोळ्यांत पाणी!

"मास्तर, मानलं! उंबरा ओलांडताना काय ती घालमेल! कशी जमवली ही थरथर?"

मास्तरांचं घर रुळांना लागून होतं.

"ती होय," मास्तर खाली बघत म्हणाले, "ती कोळशाची मालगाडी."

*

चैत्र आला. वहिनींनी गौर बसवली आणि हळदीकुंकू ठरवलं. बायका गौरीपुढची आरास बघायला आल्या. त्यातल्या एकीने आत डोकावून बाहुल्यांचं गाव बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, एवढ्या छान बाहुल्या आत का? गौरीपुढे मांडा की!"

मास्तर दारात आडवे आले. "या आराशीच्या बाहुल्या नाहीत. हे कलाकार आहेत!"

"मग कलाकारांना डाळ-पन्हं तरी द्या हो," ती म्हणाली, "बिचारे सकाळपासून उभेच आहेत!"

घरभर हशा पिकला. वहिनींनी मास्तरांना घराबाहेर काढलं आणि ते माझ्या घरी येऊन बसले. माझी एकुलती एक सुट्टी गेली. त्यांचा जीव टेबलात अडकलेला. बाहुली अर्ध्या वाटेवर एक पाऊल उचलून उभी होती. "आक्काला सांगून आलोय," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "आतून कडी लाव, कोणाला येऊ देऊ नकोस म्हणून." आक्कांना तसंही त्या दिवशी बाहेर यायचं नव्हतं. बाहेर हळदीकुंकू चाललेलं.

संध्याकाळी मास्तर परत गेले. टेबल जसंच्या तसं होतं. पाऊल जिथे होतं तिथेच. तिथून त्यांनी पुढे चित्रं घ्यायला सुरुवात केली, नेहमीसारखी पायांवर नजर ठेवून. बाहुली माहेरी पोचली, तशी तिला जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

*

गणपतीत आमच्या मंडपात तो बाहुलीपट दाखवायचं ठरलं. उरलेली फिल्म मुंबईहून धुऊन आली ती त्याच दिवशी, त्यामुळे आधी कोणीच बघितली नव्हती. प्रोजेक्टर ठाण्याहून आणला मी. उचललाही मीच. कंबर अजून बोलते.

सुरुवातीला नेहमीचंच. खोकले, कुजबुज. एक जण उठला, त्याच्यामागे आणखी दोघं. मास्तर खांबाला धरून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाहुली अर्ध्या वाटेवर आली. एक पाऊल उचललं. ते खाली टेकलं तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं!

काळापांढरा सिनेमा, त्यामुळे कुंकू काळंच. पण ठसठशीत, गोल. आधीच्या चित्रात कपाळ मोकळं, पुढच्यात भरलेलं. आणि ती तशीच पुढे चालत राहिली.

उठलेले जागच्या जागी थांबले. मंडळाचे अध्यक्ष मात्र तरातरा उठले, बायकांच्या बाजूला वळून आपल्या पत्नीला खूण केली. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. तिने पदर नीट केला आणि पडद्याकडे बघत राहिली. अध्यक्ष बसले!

बाहुली माहेरच्या दारात पोचली. आईबाहुलीने तिला जवळ घेतलं. बायकांतून एक म्हातारा आवाज आला, "बरं झालं हो!" सिनेमा संपला तरी बराच वेळ कोणी उठलं नाही.

*

पुढच्या रविवारी ओटीवर हा सिनेमा का चालला याच्यावर भांडण! म्हणजे आमची सुटका नाहीच. वकील म्हणाले, "चमत्कार! लोकांना चमत्कार लागतो." बंडोपंत म्हणाले, "कुंकवाकडे बघता बघता लोक दोरा विसरले."

मास्तर मात्र कष्टी. "अहो, चूक आहे ती! कोणी लावलं, कधी लावलं, मला माहीत नाही. घरात विचारलं, कोणी बोलत नाही. आता ठाण्याला दाखवायचं आमंत्रण आहे. तिथे ही चूक कशी नेऊ? तेवढा वाटेचा भाग कापून पुन्हा काढतो. बाहुलीचं कपाळ स्वच्छ पुसून."

ट्रंकेतून आणलेली बाहुली त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी रुमालाचं टोक ओलं केलं.

दार उघडलं. आक्का चहाचा ट्रे घेऊन ओटीवर आल्या, चौघांच्या मधोमध. ट्रे खाली ठेवला आणि भावाच्या हातातून बाहुली काढून घेतली.

"पुसू नकोस रे," त्या म्हणाल्या. "एकदा पुसलंत, तेवढं पुरे झालं."

त्या बाहुली घेऊन आत गेल्या. आम्ही चहा प्यायलो. बंडोपंतांनीसुद्धा त्या दिवशी दोऱ्याचं नाव काढलं नाही.