पत्र्याला पांघरूण

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असेल. चिंचवडच्या एका कंपनीत मी लॅगिंगच्या कामाला होतो. लॅगिंग म्हणजे बॉयलरमधून निघालेल्या वाफेच्या नळ्यांना काचेच्या कापसाची गादी गुंडाळायची, वर जाळी आवळायची आणि त्यावर चकचकीत पत्रा चढवायचा. नळीतली ऊब नळीतच राहिली पाहिजे, एवढाच त्यातला मतलब. दिवसभर हे करून मी आकुर्डीला घरी यायचो. घर म्हणजे सहा खोल्यांच्या ओळीतली शेवटची खोली. विटांच्या चार भिंती आणि डोक्यावर उघडा पत्रा.

उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसवायचं नाही. पितळेच्या कळशीतलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. पहिली पाळी करून आलो की मी आणि बायको बाहेर लिंबाखाली बसायचो आणि ऊन उतरल्यावर आत जायचो. त्या वर्षी दिवाळीत ती पोटुशी होती. बाळंतपणासाठी मावळात माहेरी निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, कंपनीतल्या नळ्यांना पांघरूण घालता, मग आपल्या पत्र्याला का नाही घालत?"

मी हसलो. म्हटलं, "अगं, नळीची ऊब आत ठेवायची असते. आपल्याला ती बाहेर ठेवायचीय."

"मग पांघरुणाला काय कळतंय, आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं?"

पाच वर्षं मी हे काम करत होतो आणि इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

माघात मुलगी झाली. बाराशाला गेलो तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या मामींनी, चारचौघांत सांगितलं, "जावईबापू, राग धरू नका. पर मागल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडं दोन दिस ऱ्हायले. घर न्हाई, तवा हाय त्यो. लेकरू मिरगाबिगर धाडायची न्हाई."

राग आलाच. पण त्यांचं खोटं नव्हतं. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी ठरवलं की मुलगी उन्हाळ्यातच घरी आणायची.

पत्र्याखाली पांघरुणाचं छत करायचं, पण काचेचा कापूस घरात नको होता. त्याची कुसं अंगात शिरली की काय खाज सुटते ते माझं मला माहीत. कामशेतच्या भाताच्या गिरणीमागं तुसाचा डोंगर पडलेला असायचा. गिरणीवाला म्हणाला, "न्या की, माझी जागा मोकळी होईल." तूस भडकत नाही, नुसतं धुमसतं, हेही बरं. ओळखीच्या टेम्पोतून पोती आणली. तुसात चुना आणि लिंबाचा वाळला पाला कालवला, म्हणजे किडे-उंदीर लागायला नकोत. पिंपरी कॅम्पामागं एक चाचा कंपन्यांच्या खोक्यांच्या फळ्या विकायचे. त्यांनी माझा बेत ऐकला आणि सरळ फळ्या स्वतः निवडून दिल्या.

आमचे घरमालक गावातले जुने, पागोटेवाले. ते येऊन उभे राहिले. "काय चाललंय ह्ये?"

"छत करतोय, दादा."

"करा. पर माझ्या भिती पडल्या तर याद राखा."

कंपनीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "पत्रा आणि छत यांच्यामधून वारा खेळता ठेव. पण तो वारा खोलीत उतरू देऊ नको." म्हणून पत्र्याखाली वीतभर जागा सोडली आणि तिची दोन्ही तोंडं बाहेरच्या अंगाला जाळी लावून उघडी ठेवली. खाली फळ्या, फळ्यांवर गोणपाट, त्यावर चार बोटं तूस, वर पुन्हा गोणपाट. तीन रविवार गेले. खालून चुना मारला आणि ऐन चैत्रातल्या दुपारी दार लावून आत बसलो.

डोक्यावरची आग गेली होती, ते खरं. पण मानेवर, पाठीवर गरम फुंकर येतच होती. तासाभरात घामानं निथळलो. फार वाईट वाटलं. मग कंपनीतली सवय आठवली. फट कुठं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, धुराला दिसतं. उदबत्ती पेटवली, स्टुलावर चढलो आणि भिंतीच्या कडेकडेनं ती फिरवायला लागलो.

नेमक्या त्याच वेळी दार ढकलून मामी आत आल्या. न सांगता, पिशवी घेऊन, बघायला.

"जावईबापू, कोन्ता देव बसलाय तिथं?"

मी म्हटलं, "देव नाही मामी, वारा बघतोय." आणि त्यांना दाखवलं. धूर सरळ वर जात होता. छत आणि भिंत मिळतात तिथं उदबत्ती नेली की तो मोडून खोलीत वाकायचा. दाराच्या उंबऱ्याशी तसंच, खिडकीच्या चौकटीशी तसंच. मामी पिशवी खाली न ठेवता बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या हिकडं." उदबत्ती घेऊन त्यांनी स्वतः सगळी खोली पालथी घातली.

"एवढंच हाय व्हय? ह्याला लगदा पायजे. टोपल्या करतो तसला. रद्दी आना, आन मेथ्या."

मी रद्दी आणली. त्यांनी कागद भिजत घातले, मेथ्या वाटून त्यात मळल्या, आणि पदर खोचून स्टुलावर चढल्या. मी पाळीला जायचो आणि त्या दिवसभर फटी भरायच्या. पोरीला घरी धाडणार नाही म्हणणारी बाई सहा दिवस माझ्या घरात लगदा थापत होती! दाराच्या खाली मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. खिडकीचं दार मात्र चांगलं उघडझाप होईल असं ठेवलं. स्टोव्ह पेटवताना ते उघडायचं, संध्याकाळी गार वाऱ्याला उघडायचं आणि ऊन चढायच्या आत बंद करायचं, हा मामींचा हुकूम.

लगदा वाळेपर्यंत मामी राहिल्याच. वैशाख लागला होता. एका रविवारी भर दोनला मामी आधी शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या. पाचच मिनिटांत तोंड पुसत बाहेर आल्या आणि आमच्या खोलीत शिरल्या. कोपऱ्यात बसल्या. जमिनीवर हात टेकवून बघितला, भिंतीवर टेकवून बघितला. तेवढ्यात मालक आले. त्यांनाही आत बोलावलं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, "व्हय की रं, गार हाय," म्हणाले आणि भिंतीला टेकून बोलता बोलता घोरायला लागले.

मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हणाल्या, "उद्या जाते, अन् परवा दोघींना घिऊन येते."

शब्दाच्या पक्क्या. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली; दुपारी दोनला बायको मुलीला घेऊन रिक्षातून उतरली तेव्हा डांबर पायाला चिकटत होतं. आत येऊन तिनं वर छताकडं बघितलं, मग माझ्याकडं. मुलीला पाळण्यात घातलं. मुलगी हातपाय ताणून झोपली ती थेट चार वाजता उठली. अंगावर घामोळ्याचा एक ठिपका नाही. त्या दोन तासांत मी तीनदा पाळण्यात डोकावलो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, झोपू द्या की तिला. आणि तुम्हीपण पडा."

पावसाळ्याआधी ओळीतल्या दुसऱ्या खोलीत छत चढलं, दिवाळीपर्यंत उरलेल्या चारही खोल्यांत. मालकांनी स्वतः पोती वाहिली. लगदा कसा मळायचा ते शिकवायला मामी दोनदा येऊन गेल्या, आणि बायकांना दटावून दटावून त्यांनी शिकवलं. थंडीत तर आणखी मजा झाली. बाहेर शेकोट्या पेटायच्या आणि आमच्या खोलीत रात्रीच्या स्वयंपाकाची ऊब सकाळपर्यंत टिकायची. कंपनीत मिस्त्रींनी एकदा सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, "ह्यानं बॉयलर सोडून माणसांचं लॅगिंग केलं!" त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगितलं की मूळ डोकं माझ्या बायकोचं, आणि हात सासूचे.